विंडसर्फिंगच्या साधनांतील अगंज पोलाद

शीड बसविलेल्या फळीवर उभे राहून व शिडाची दांडी हातांनी धरून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याच्या क्रीडाप्रकाराला विंडसर्फिंग म्हणतात. या साधनाची फळी, डोलकाठी व शीड ही प्लॅस्टिक, काचतंतू, कार्बनतंतू व संश्लिष्ट कापड यांची केलेली असतात. धातूचे भाग थोडे व आकाराने लहान असतात. डोलकाठीच्या बुंध्याशी असलेल्या सर्वदिश सांध्याची खीळ व बोल्ट, डोलकाठीची उंची कमीजास्त करणाऱ्या नळीतील स्प्रिंग व कळ, बूम नावाच्या आडव्या दांडीतील खुंट्या, पायपट्ट्यांचे स्क्रू, तळाचा पंख धरून ठेवणारे बोल्ट आणि कमरपट्ट्याचा आकडा हे त्यांपैकी मुख्य होत. हे भाग बहुधा अगंज पोलादाचे (स्टेनलेस स्टीलचे) असतात. साधनाच्या एकूण वजनात त्यांचा वाटा नगण्य असला, तरी शिडावरील वाऱ्याचा बराचसा जोर त्यांच्यातूनच फळीकडे जातो. सांध्याची खीळ भर समुद्रात तुटल्यास शीड व फळी वेगळी होतात आणि क्रीडापटू किनाऱ्यापासून दूर अडकून पडतो.

अशा तुटलेल्या भागाचा बाह्य पृष्ठभाग पुष्कळदा चकचकीत असतो व तुटण्यापूर्वी धोक्याची कोणतीच खूण दिसलेली नसते. याचे कारण या धातूच्या स्वभावात आहे. अगंज पोलादाचा संक्षारणरोध (गंजण्यास होणारा विरोध) हा त्याचा निरपेक्ष गुण नसून काही अटींवर अवलंबून असलेली अवस्था आहे, आणि त्या अटी नेमक्या दृष्टीआड असलेल्या जागी मोडतात. हे ज्ञान एकदम झालेले नाही, सु. १०० वर्षांच्या काळात व काही वेळा मोठी किंमत देऊन ते मिळाले आहे.

अगंज पोलादाचा शोध : क्रोमियम मिसळलेले लोखंड अम्लांना सहज दाद देत नाही, असे फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर बेर्त्ये यांनी १८२१ मध्ये नोंदविले होते. परंतु त्या काळी मिळणाऱ्या क्रोमियमात कार्बनाचे प्रमाण फार असल्याने त्यापासून केलेली मिश्रधातू ठिसूळ होई. इंग्लंडमधील रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८९२ मध्ये क्रोमियमामुळे पोलादाचा संक्षारणरोध उलट कमी होतो, असा निष्कर्ष काढला. त्यांनी परीक्षेसाठी तीव्र सल्फ्यूरिक अम्ल वापरले होते व त्या अम्लापुरता तो निष्कर्ष चुकीचाही नव्हता. एका माध्यमातील परीक्षेवरून सर्व माध्यमांविषयी मत बनविण्याची ही चूक पुढे विरुद्ध दिशेनेही झाली.

हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ च्या सुमारास ॲल्युमिनियमाच्या साहाय्याने क्रोमियम वेगळे करण्याची पद्धत काढली व कार्बनरहित क्रोमियम उपलब्ध झाले. त्यानंतर फ्रान्समध्ये लेआँ गिये व आल्बेर पोर्तव्हँ यांनी लोखंड, क्रोमियम व निकेल यांच्या मिश्रधातूंच्या संरचनेचा अभ्यास केला. परंतु त्यांच्या संक्षारणरोधाचे महत्त्व प्रथम स्पष्ट केले ते जर्मनीतील फिलिप मोनार्ट्स यांनी. क्रोमियमाचे प्रमाण सु. १२ टक्क्यांवर गेले की संक्षारणाचा वेग एकाएकी घटतो, त्यासाठी भोवतालचे माध्यम ऑक्सिडीकारक असावे लागते आणि थोडे मॉलिब्डेनम घातल्यास हा गुण वाढतो, असे त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. विंडसर्फिंगच्या साधनांच्या संदर्भात पुढे जे जे कळून आले, त्याचे मूळ या तीन विधानांत आहे.

एसेन येथील क्रुप कारखान्यातील बेन्नो श्ट्राउस व एडुआर्ट माउरर यांच्या कार्यातून १९१२ मध्ये क्रोमियम-निकेल पोलादाची पेटंटे घेण्यात आली. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी पोलाद शोधत होते. त्यांनी ऑगस्ट १९१३ मध्ये सु. १२·८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्याचे नमुने अम्लाने कोरताना ते नीट कोरले जात नाहीत, असे त्यांना आढळले. शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांच्या धंद्याचे केंद्र असल्याने या पोलादाचा पहिला उपयोग त्या धंद्यात झाला. अर्नेस्ट स्ट्यूअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातील व्यवस्थापकांनी व्हिनेगरमध्ये परीक्षा घेऊन त्याला ‘स्टेनलेस’ म्हणजे डाग न पडणारे हे नाव दिले, असे सांगतात. अशा रीतीने हे नाव जेवणाच्या टेबलावरून आले. समुद्राच्या पाण्याशी त्याचा संबंध नव्हता. १९२४ मध्ये विल्यम हॅटफील्ड यांनी १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले पोलाद प्रचारात आणले. आज ३०४ या क्रमांकाने ओळखला जाणारा प्रकार त्याचाच वंशज होय.

निष्क्रियतेची उपपत्ती : तीव्र नायट्रिक अम्लात बुडविलेले लोखंड विरघळेनासे होते, या अवस्थेला निष्क्रियता असे म्हणतात. पृष्ठभागावर ऑक्साइडाचा अदृश्य थर असल्यामुळे असे होत असावे, असे मायकेल फॅराडे यांनी १८३६ मध्ये सुचविले होते. केंब्रिज येथील यू. आर. एव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात असा थर धातूपासून अलग करून त्याचे अस्तित्व सिद्ध केले. अगंज पोलादावरील क्रोमियमयुक्त ऑक्साइडाचे पटल काही नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचे काही दशलक्षांश इतकेच जाड असते. ते ओरखडले गेले, तर हवेतील वा पाण्यातील ऑक्सिजनाने क्षणार्धात पुन्हा तयार होते. मात्र ऑक्सिजन न मिळाल्यास ते सांधले जात नाही.

एव्हान्स यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. एकाच धातूच्या एका भागाला ऑक्सिजन भरपूर व दुसऱ्या भागाला कमी मिळाला, तर त्या दोन भागांत विद्युत् घट तयार होतो व ऑक्सिजनाची टंचाई असलेला भाग धनाग्र बनून विरघळू लागतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सु. ३५ ग्रॅ. लवणे व त्यांपैकी सु. १९ ग्रॅ. क्लोराइड असते. क्लोराइडाचे आयन पटल भेदण्यास विशेष समर्थ असतात. त्यामुळे या दोन्ही क्रिया एकमेकींना पूरक ठरतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात क्यूर बीच येथे १९३५ पासून समुद्राचे पाणी व सागरी हवा यांत धातूंचे नमुने ठेवून निरीक्षणे करण्यात येऊ लागली. वाहत्या पाण्यात चांगले टिकणारे अगंज पोलाद साचलेल्या पाण्यात, तसेच पृष्ठाला चिकटलेल्या कवचधारी जीवांच्या खाली पोखरले जाते, हे अशा चाचण्यांतून स्पष्ट झाले.

विंडसर्फिंगमध्ये प्रवेश : अमेरिकेतील एस. न्यूमन डार्बी यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यात शीड बसविलेली फळी तयार केली व तिचे वर्णन १९६५ मध्ये पॉप्युलर सायन्स या मासिकात प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील वैमानिकीय अभियंते जिम ड्रेक व त्यांचे सहकारी हॉइल श्वाइत्सर यांनी १९६७ मध्ये स्वतंत्रपणे अशी फळी पाण्यावर चालवून पाहिली. त्यांनी १९६८ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला व १९७० मध्ये ते त्यांना मिळाले. या रचनेचे मर्म डोलकाठीच्या बुंध्याशी असलेल्या सर्वदिश सांध्यात होते. डोलकाठी कोणत्याही बाजूला कलती करता येत असल्याने सुकाणूची गरज उरली नाही. पुढे इतर देशांत या पेटंटावर आक्षेप घेण्यात आले व ब्रिटनमधील न्यायालयाने १९८५ मध्ये ते तेथे रद्द ठरविले.

होड्यांच्या सरंजामात अगंज पोलाद त्यापूर्वीच रुळले असल्याने या नव्या साधनातही ते आले. सुरुवातीची फळी सु. ३·६५ मी. लांब, शीड सु. ५·२ चौ. मी. आणि बूम सागवानी होती. ती शांत पाण्यावर चालविण्यात येई व तिच्या सांध्यावरील भार माफक असे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हवाई बेटांत फळीला पायपट्टे बसविण्यात येऊ लागले व लाटेवरून उडी घेणे शक्य झाले. तेव्हापासून सांध्याला वाऱ्याच्या जोराखेरीज प्रत्येक उडीनंतरचे आघातही सोसावे लागले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दर सेकंदास १० मी. वेगाच्या वाऱ्याचा गतिज दाब दर चौ. मी.ला सु. ६० न्यूटन असतो, तर १५ मी. वेगाला तो सु. १३५ न्यूटन होतो. फळ्या लहान व हलक्या झाल्या, बूम ॲल्युमिनियमाच्या व पुढे डोलकाठ्या कार्बनतंतूंच्या झाल्या. पण त्यांना जोडणारे बोल्ट व खिळा मात्र पूर्वीइतक्याच जाडीच्या राहिल्या. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पाण्याखालील पंखांवर उचलली जाणारी फळी वापरण्यात आली. अशा फळीत कार्बनतंतूंचा स्तंभ, ॲल्युमिनियमाचा दांडा व अगंज पोलादाचे बोल्ट ही तिन्ही द्रव्ये खाऱ्या पाण्यात एकमेकांना खेटून असू शकतात.

बिघाडाचे प्रकार : (१) फटीतील संक्षारण : हा सर्वांत नेहमीचा प्रकार होय. स्क्रूच्या डोक्याखाली, वॉशरमागे, प्लॅस्टिकच्या बाहीत बसविलेल्या खिळीभोवती व आट्यांमध्ये केसाएवढ्या फटी असतात. फटीत शिरलेले पाणी हलत नाही. त्यातील ऑक्सिजन लवकरच संपतो, बाहेरील क्लोराइड आत खेचले जाते व विरघळलेल्या क्रोमियमाच्या लवणांचे जलीय विच्छेदन होऊन पाणी अम्लीय बनते. या अम्लात पटल टिकत नाही व क्रिया आपोआप वेग घेते. बाहेरचा उघडा भाग ऋणाग्र असल्याने तो चकचकीत राहतो. वरचे डोके जसेच्या तसे, पण आतील दांडा पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक झालेला, असे स्क्रू काढल्यावर आढळते ते यामुळेच.

(२) खड्डे पडणे : उघड्या पृष्ठभागावर क्लोराइडामुळे सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. पोलादातील मँगॅनीज सल्फाइडाच्या कणांपाशी त्यांची सुरुवात बहुधा होते. ३०३ या प्रकारात लेथवर काम सुलभ व्हावे म्हणून मुद्दाम गंधक घातलेले असते. त्यामुळे कातून केलेल्या लहान खुंट्यांसाठी तो सोयीचा वाटला, तरी समुद्रावर तो लवकर खराब होतो.

(३) वितळजोडाशेजारचे संक्षारण : सु. ४५०° ते ८५०° से. तापमानात राहिलेल्या पोलादात कार्बन व क्रोमियम यांचा संयोग कणांच्या सीमांवर होतो व सीमेलगतचा भाग क्रोमियमाला मुकतो. मग संक्षारण कणसीमांच्या वाटेने आत जाते. कार्बनाचे प्रमाण ०·०३ टक्क्यापर्यंत खाली आणणे हा यावरील उपाय होय. ऑर्गॉन व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने कार्बन काढून टाकण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांत आली व असे पोलाद स्वस्त झाले. कमरपट्ट्याचा वाकवून जोडलेला आकडा व सांध्याच्या पट्ट्या यांच्या बाबतीत याचे महत्त्व आहे.

(४) गॅल्व्हानिक संक्षारण : ॲल्युमिनियमाच्या नळीत अगंज पोलादाचा बोल्ट बसविला असता खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते व त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. तिचे घनफळ मूळ धातूपेक्षा जास्त असल्याने बोल्ट जखडतो आणि जोराने काढताना पिळवटून तुटतो. कार्बनतंतू विद्युत् संवाहक व अगंज पोलादाइतकेच वा त्याहून अधिक उदासीन असल्याने त्यांच्या सान्निध्यात ॲल्युमिनियमाची हानी अधिक होते आणि फटीत सापडलेले पोलादही सुरक्षित राहत नाही.

(५) प्रतिबलजन्य तडे व शिणवटा : स्प्रिंगा, वाकविलेले आकडे व घट्ट आवळलेले बोल्ट यांच्यात सतत ताण असतो. ताण व क्लोराइड एकत्र आले की धातूत शाखायुक्त बारीक तडे जातात व तो फारसा न झिजता एकदम तुटतो. खिळीवर हजारो वेळा येणाऱ्या उलटसुलट भारामुळे धातूला शिणवटा येतो. हवेत ठराविक मर्यादेखालील भार पोलाद दीर्घकाळ सोसते. खाऱ्या पाण्यात ही मर्यादा जवळजवळ नाहीशी होते. एखाद्या लहानशा खड्ड्यापाशी तडा सुरू होतो व प्रत्येक लाटेबरोबर थोडा थोडा पुढे सरकतो.

इतर क्षेत्रांतील दुर्घटना : प्रतिबलजन्य तडे फक्त उष्ण द्रवांत, सु. ६०° से. वरील तापमानातच जातात, असा समज दीर्घकाळ होता. ९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमधील उस्टर येथील तरणतलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ माणसे मृत्युमुखी पडली. छत ज्या अगंज पोलादी गजांना टांगले होते, ते क्लोराइडामुळे तडे जाऊन तुटले होते. गज पाण्यात बुडालेले नव्हते. तलावावरच्या दमट, क्लोरीनयुक्त हवेतील द्रव्ये त्यांवर साचत गेली होती व छताच्या वर असल्याने ते कोणाच्या नजरेस पडत नव्हते. थायलंडच्या आंदामान किनाऱ्यावरील चुनखडकाच्या कड्यांत गिर्यारोहकांनी बसविलेले अगंज पोलादाचे बोल्टही काही वर्षांतच हाताने तुटू लागल्याचे आढळले व त्यांच्या जागी टिटॅनियमाचे बोल्ट बसवावे लागले. समुद्रकाठच्या नेहमीच्या तापमानातही धोका असतो, हे अशा घटनांनी पटवून दिले.

या संदर्भात एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. विंडसर्फिंगच्या साधनांची हानी मुख्यतः वापरात असताना होत नाही. फळी पाण्यावर वेगाने जात असता पोलादावरून ताजे, ऑक्सिजनयुक्त पाणी वाहत असते. साधन ओलेच पिशवीत घालून ठेवले की फटींतील पाणी आटत जाते व क्लोराइडाचे प्रमाण मूळ समुद्राच्या अनेक पटींनी वाढते. समुद्राच्या लवणांत मॅग्नेशियम क्लोराइड असते व ते हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ३३ टक्क्यांहून अधिक असेपर्यंत ओलसर राहते. त्यामुळे किनाऱ्यावरील हवेत असे मीठ पूर्णपणे कधी सुकत नाही आणि क्रिया रात्रंदिवस चालू राहते.

उपाय : सागरी कामासाठी ३०४ ऐवजी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ हे पोलाद वापरतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बोल्टांच्या डोक्यावर पहिल्या प्रकारासाठी ए२ व दुसऱ्यासाठी ए४ अशी खूण असते. चुंबक लावून हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत. दोन्ही सामान्यतः चुंबकाला आकर्षिले जात नाहीत व थंड स्थितीत ठोकल्यास वा ओढल्यास दोन्ही थोडे आकर्षिले जाऊ शकतात. क्रोमियमाच्या टक्केवारीत मॉलिब्डेनमाच्या ३·३ पट व नायट्रोजनाच्या १६ पट टक्केवारी मिळविली असता खड्डे पडण्यास होणाऱ्या विरोधाचा अंदाज देणारा अंक मिळतो. हा अंक ३०४ साठी सु. १८ ते १९, ३१६ साठी सु. २३ ते २८ व २२ टक्के क्रोमियम असलेल्या द्विप्रावस्थी पोलादासाठी सु. ३५ असतो. समुद्राच्या पाण्यात सतत बुडून राहणाऱ्या भागासाठी तो ४० किंवा अधिक असावा, असा संकेत आहे. म्हणजे ज्याला व्यापारात सागरी प्रतीचे म्हणतात ते ३१६ पोलादही समुद्रात पूर्णतः निर्धोक नाही. ते फक्त जास्त काळ टिकते. अधिक चांगली पोलादे व टिटॅनियम महाग असल्याने खेळाच्या साधनांत त्यांचा वापर मर्यादित आहे.

रचनेत बदल करूनही धोका कमी करता येतो. पोलादी बिजागरीऐवजी रबराचा किंवा पॉलियुरेथेनाचा लवचिक सांधा वापरल्यास हलणारे पोलादी भाग कमी होतात. परंतु हे बहुवारिकही ऊन व पाणी यांनी कालांतराने चिरते आणि त्याला धरून ठेवणारे बोल्ट पोलादीच राहतात. म्हणून अनेक सांध्यांत मुख्य भाग तुटला, तरी डोलकाठी फळीपासून सुटू नये यासाठी मजबूत पट्टा किंवा दोरी असते. धातूवर अवलंबून नसलेली ही दुसरी जोडणी सर्वांत भरवशाची होय.

वापरणाऱ्याच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. प्रत्येक वेळी साधन गोड्या पाण्याने धुवावे. मात्र वरून पाणी ओतण्याने फटींतील मीठ निघत नाही, म्हणून सांधा वेगळा करून भिजवावा व उघड्यावर वाळवावा. ॲल्युमिनियमात बसणाऱ्या आट्यांना न विरघळणारे वंगण लावावे. हंगामात काही वेळा सर्व स्क्रू व खिळा बाहेर काढून त्यांचे दांडे तपासावेत. तपकिरी डाग, डोक्याखालील काळपट वलय किंवा एखाद्या बोल्टाचे नव्याने ढिले होणे या खुणा दिसताच तो भाग बदलावा. घासून चकचकीत केल्याने आतला तडा भरून येत नाही. समुद्रात सांधा तुटल्यास फळी सोडून पोहत किनारा गाठण्याचा प्रयत्न करू नये, कारण फळी तरंगत राहते व शोध घेणाऱ्यांना ती लांबून दिसते.

भारतात तमिळनाडूमधील कारैक्कुडी येथे १९५३ मध्ये सुरू झालेली केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्था संक्षारणाचा अभ्यास करते व मंडपम् येथील तिच्या केंद्रावर धातूंच्या सागरी चाचण्या घेण्यात येतात. गोव्यात दोनापावला परिसरात विंडसर्फिंगचा सराव व स्पर्धा होतात. कोकण व गोवा किनाऱ्यावरील हवा वर्षाचा बहुतेक काळ दमट असल्याने वर सांगितलेली परिस्थिती तेथे कायमच असते. अगंज पोलादाची भांडी घरोघर आल्यानंतरही महाराष्ट्रातील अनेक घरांत मीठ व लोणचे चिनी मातीच्या बरणीतच ठेवण्याची रीत राहिली. स्टीलच्या डब्यात ओले मीठ राहिल्यास तळाला बारीक खड्डे पडतात, हा अनुभव गृहिणींना आहे. स्वयंपाकघरात त्यामुळे एखादा डबा गळू लागतो, एवढेच नुकसान होते. समुद्रावर मात्र तोच खड्डा खिळीच्या दांड्यावर पडलेला असतो आणि त्या खिळीवर माणसाचे परत येणे अवलंबून असते.